एका पन्नीचे वाटेकरी

मणक्यातून काढलेला तो तुकडा काचपट्टीवर इतका नीटनेटका दिसायला नको होता.

डॉ. शालिनी निनावे यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले. चित्र तेच. प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रंगाची अखंड कड, कडेला कड चिकटलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रेखीव वीण. निरोगी गालाचे अस्तर म्हणून पाठ्यपुस्तकात छापावे, असे. अडचण एवढीच होती, की हा गाल नव्हता. मुखकर्करोगाने दगावलेल्या एका माणसाच्या कमरेचा मणका होता. तिथे गालाच्या पेशी पोचल्याच असतील, तर त्या विस्कटलेल्या, एकमेकींना ओळख न देणाऱ्या अशा असायला हव्या होत्या.

नागपुरात मुखकर्करोगाच्या विकृतितज्ज्ञाला मंदी ठाऊक नसते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि तो खर्रा दिवसभर गालात धरायचा, ही सवय या शहराने कोणत्याही सरकारला दाद न देता टिकवली होती. मध्यभारत मुखरोग संस्थेतल्या तीस वर्षांच्या नोकरीत शालिनीबाईंनी असंख्य गाल काचपट्टीवर वाचले होते आणि त्यातून एकच मोलाची गोष्ट काढली होती : बंधांक.

कल्पना साधी होती. अस्तरातल्या पेशी बंधप्रथिनांनी एकमेकींना धरून असतात. कर्करोगात हे बंध सैल होतात, पेशी शेजार सोडते, रक्तात उतरते आणि दूर निघून जाते. गाठ केवढी आहे यापेक्षा तिच्यातले बंध किती शाबूत आहेत, यावरून रोग्याचे भवितव्य अधिक अचूक सांगता येते, हे शालिनीबाईंनी दाखवून दिले. शंभरापैकी सत्तरच्या वर बंधांक असेल, तर माणूस बहुधा जगतो. तिसाच्या खाली असेल, तर शालिनीबाई अहवालावर सही करीत आणि नातेवाइकांशी बोलण्याचे काम शल्यविशारदांवर सोपवीत.

पुढे अंक मोजणारे मुखदर्शक मेट्रोच्या प्रत्येक स्थानकावर बसले. काडी गालाला टेकवायची, की पडद्यावर आकडा. लोक पोरांच्या मार्कांसारखे आपल्या गालाचे आकडे सांगू लागले. शास्त्रज्ञाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा सन्मान नाही आणि यापेक्षा मोठा धोकाही नाही.

कारण मग औषधनिर्मिती विभागाचे डॉ. अभिराम देवपुजारी त्यांच्या खोलीत आले होते.

"अंक कमी असला की माणूस मरतो, हे तुम्ही सिद्ध केलंत," ते म्हणाले होते. "मग अंक वाढवू या."

"तापमापकाचा पारा झटकला म्हणून ताप उतरत नाही, देवपुजारी."

"इथे पारा हाच ताप आहे, मॅडम. बंध सुटतात म्हणून पेशी निघते. बंध पुन्हा बांधले, तर ती निघणार कशी?"

शालिनीबाईंनी या वाक्यातली चूक बरेच दिवस शोधली. संशय घेणे हा त्यांचा स्वभाव होता आणि पगारही त्याचाच मिळत होता. चूक सापडली नाही. ती वाक्याच्या आत नव्हती, पुढे होती.

देवपुजारींनी बनवलेल्या रेणूचे नाव संधानक. तो पेशींच्या कडांवर जाऊन बसे आणि तुटलेले बंध सांधून देई. जिथे जिथे तो बसे, तिथे अतिनील प्रकाशात हिरवी झाक दिसे. त्यामुळे तो कुठवर पोचला हे तपासणे सोपे होते. गोळी रोज आठवणीने घेणारा रोगी विदर्भात विरळा, पण खर्रा विसरणारा त्याहून विरळा. म्हणून भाजलेल्या चिंचोक्याच्या भुग्यात संधानक मिसळून त्याची पुडी केली. चाचणीत निम्म्या रोग्यांना संधानकाची पुडी, निम्म्यांना नुसत्या भुग्याची कोरी पुडी. चव एक, रंग एक. कोणाला कोणती, हे ना रोग्याला ठाऊक ना डॉक्टरला. पुडीवर ठळक छापले होते : एक रोगी, एक पुडी. रिकाम्या पुड्या दर आठवड्याला परत घेतल्या जात.

दोन वर्षांनी तोंडे साफ झाली. संधानकाच्या गटात बंधांक नव्वदीला टेकला. कोऱ्या पुडीच्या गटातही तो बराच वाढला. खरा खर्रा सुटला त्याचा हा परिणाम, असे स्पष्टीकरण शालिनीबाईंनी स्वतः लिहिले. काही रोगी पुढे मणक्याच्या, फुप्फुसाच्या गाठींनी गेले. पण ते दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात गेले. दोष औषधाचा असता, तर एकाच गटात दिसला असता. तर्क बिनतोड होता.

आज काचपट्टीवर असलेला माणूस मेलेला होता, म्हणून नियमाप्रमाणे त्याचा गट उघडता आला. गट : कोरी पुडी.

शालिनीबाईंनी अतिनील दिवा लावला. मणक्यातले मधाचे पोळे हिरवे उजळले.

"दूषित नमुना," देवपुजारी पाहताक्षणी म्हणाले. "कुणीतरी हातमोजे बदलले नसतील."

"मी नवा काप घेतला. रसायने नवी, काच नवी, हात माझे."

"मग पुड्यांची अदलाबदल झाली असेल कारखान्यात."

"एका माणसाच्या? आधीच्या मृतांचे मणके मी सकाळपासून काढून बसले आहे. कोऱ्या पुडीवर गेलेले सगळे पुरुष हिरवे आहेत."

देवपुजारी खुर्चीत बसले. एरवी कशावरही विनोद करणाऱ्या या माणसाला विनोद सुचला नाही, हे शालिनीबाईंना पहिल्यांदाच दिसत होते. "औषध न घेतलेल्या माणसाच्या हाडात औषध," ते म्हणाले. "आलं कुठून?"

शालिनीबाई दिवा विझवू लागल्या. त्यांचा भाऊ याच चाचणीत होता, आणि त्याला त्यांनीच आणले होते.

---

पुरुषोत्तम निनावे कळमन्याच्या संत्रा मंडीत लिलाव पुकारीत असे. मंडीत त्याला पुरुभाऊ म्हणत, आणि त्याचा पुकारा शेवटच्या शेडपर्यंत ऐकू जाई. तीन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या गालात व्रण झाला, तेव्हा काचपट्टी बहिणीनेच वाचली होती. बंधांक सव्वीस. शस्त्रक्रियेत अर्धा जबडा जाणार होता आणि आवाज सगळाच. बहिणीने त्याचे नाव चाचणीत घातले.

त्या संध्याकाळी शालिनीबाई पाचपावलीच्या त्याच्या घरी गेल्या, तेव्हा तो कमरेशी गरम पाण्याची पिशवी धरून पलंगावर बसला होता.

"काय वं शालू, आज वाट चुकली का?" तो ओरडला. त्याचे साधे बोलणेही पुकाऱ्यासारखे असे. "आजचा अंक सांगू? ब्याण्णव! मंडीत माह्या वर कोनीच नाही. गनपत अडत्या एक्याऐंशीवर अडकला. तोंड पाडून बसला बिचारा."

"कमरेले काय झालं?"

"काही नाही वं. पेट्यांवर उभं राहू राहू धरली. साठीत कोनाची नाही धरत?"

भावाकडे आल्या की शालिनीबाईंची भाषा आपोआप वळत असे. "भाऊ, तुह्या पुडीतलं आनखी कोनी खाते का?"

पुरुषोत्तम हसला. आधी तिच्यावर, मग स्वयंपाकघराकडे तोंड करून. "ऐकलं का वं? डॉक्टरीनबाई इचारते, पुडी एकट्यानं खातो का म्हनून!" मग वळून म्हणाला, "कुठं वाढली तू, शालू? खर्रा कोनी एकट्यानं खाते का? मंडीत आम्ही जेवढे चाचनीवाले आहो, तेवढ्यायच्या पुड्या सकाळी एका पन्नीत टाकतो, मी घोटतो, आनं जो हात पुढं करन त्याले चिमूट. हमाल, अडते, ट्रकवाले, कोनी बी. नाही देल्लं त लोक काय म्हनतीन? पुरुभाऊ चिंगूस झाला म्हनतीन."

"पन तो खर्रा नाही ना! औषध आहे."

"आम्ही त्याले सरकारी खर्रा म्हनतो."

"पुडीवर छापलं आहे, एक रोगी, एक पुडी."

"पुडीवर त तंबाखूच्या बी छापलं राह्यते, खाऊ नका म्हनून. कोन वाचते बाप्पा?"

"दर आठवड्याले पोरी येतेत ना इचाराले?"

"येतेत ना. 'काका, पुडी संपवली का?' म्हनतेत. मी म्हनतो, संपवली. रिकामी देतो हातात. खोटं थोडी आहे?"

खोटे नव्हते. प्रश्न चुकीचा होता, आणि तो शालिनीबाईंच्याच समितीने ठरवला होता. नागपुरात जन्मलेल्या, खर्ऱ्याच्या चिमटीसाठी पुढे येणारे हात लहानपणापासून पाहिलेल्या माणसांनी चाचणीची कलमे लिहिताना ते हात विसरून जावेत, ही चूक परदेशी तज्ज्ञाने केली असती तर तिला हसता तरी आले असते.

"बाया नाही वाटत हं," आतून इंदुवहिनींचा आवाज आला. त्या पोळी लाटता लाटता दारात आल्या. "बाया लपून खातेत. सासूपासून, सुनेपासून. वाटाले गेलं त चोरी उघडी पडन."

"तुले कसं माहीत?" पुरुषोत्तमने विचारले.

"मले काय माहीत बाप्पा!" म्हणत वहिनी आत गेल्या.

शालिनीबाईंना पुढचे सगळे समजायला अजून एक दिवस लागणार होता. पण भीती तर्काच्या आधी पोचते, आणि भीतीपोटी त्यांनी आयुष्यात क्वचित केलेली गोष्ट केली. पुरावा हाती येण्याआधी सल्ला दिला.

"उद्यापासून कोनाले देऊ नको. कोनाचं घेऊ बी नको. आपली पुडी आपन खायची."

"काऊन?"

"मी सांगतो म्हनून."

"लहानी बहीन अन् दादागिरी पाहा," तो म्हणाला. पण बहिणीचा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला. "बरं. नाही देत."

---

"बायकांचे आकडे वेगळे काढलेत कधी?" दुसऱ्या दिवशी शालिनीबाईंनी विचारले.

"संख्या फार कमी होती," देवपुजारी म्हणाले. "तुम्हीच वगळलंत."

"मीच. आता पाहा."

पडद्यावर मोजकीच नावे होती, सगळी मृत बायकांची; त्यांचेच गट उघडता येत होते. कोऱ्या पुडीवरच्या बायका : खर्रा सुटलेला, तरी बंधांक तसूभरही वाढलेला नाही. त्या गेल्या त्या तोंडातल्या गाठीने. दूर कुठे काही नाही. संधानकाच्या पुडीवरच्या बायका : तोंड स्वच्छ, बंधांक नव्वदीच्या घरात, आणि मणके, फुप्फुसे, यकृत.

देवपुजारींनी ते दोनदा वाचले. "म्हणजे आपला नियंत्रण गट फक्त ह्या."

"लपून खाणाऱ्या. बाकी पुरुषांनी दोन्ही गट एकाच पन्नीत घोटले."

"पण चिमूटभर औषधानं काय होणार? रोगट गालाचा अंक नव्वदीला न्यायला अख्खी पुडी लागते."

"गालाला लागते. गालात अब्जावधी पेशी आहेत, सगळ्यांची वीण घालायची आहे. पण सुटून गेलेली पेशी एकटी असते." शालिनीबाईंनी समोरच्या कागदावर एक ठिपका काढला. "ही रक्तातून हाडात येऊन पडते. शेजार नाही, आधार नाही. अशा बहुतेक मरतात. उरतात त्या निजतात, वर्षानुवर्षे, पुष्कळदा माणूस म्हातारपणाने जाईपर्यंत. गाठ व्हायची तर एकीने दुसरीला धरावे लागते, दोघींनी चौघींना. जे बंध तोडून ती पळाली, तेच बंध तिला वस्ती करायला पुन्हा लागतात. ते परत मिळवणे फार थोड्या पेशींना जमते."

"आणि आपण ते पुडीत घालून दिलं."

"पळालेल्यांना आपण घरे बांधायचे सामान पोचवले. एका पेशीला किती सामान लागते? चिमूट पुष्कळ झाली."

देवपुजारींनी त्या ठिपक्याभोवती पेनाने गोल काढला. "तुमचा बंधांक खोटा नव्हता, मॅडम."

"नव्हता. पेशी निघण्याआधी तो खरा होता. निघून गेल्यावर तोच आकडा उलटा वाचायचा असतो. आपण काडी फक्त गालाला टेकवली, कारण गाल हाताशी होता."

खिडकीबाहेर महापालिकेचा भला मोठा फलक होता. शहराची बंधांकाची सरासरी आजवरची सर्वाधिक झाल्याबद्दल नागरिकांचे अभिनंदन. शेजारी फेटा बांधलेल्या, गाल फुगवलेल्या माणसाचे चित्र.

"त्या सरासरीत रोगी किती?" देवपुजारींनी विचारले.

"रोगी थोडे. बाकी वाटेकरी. कर्करोग न झालेले, पण गालात पांढरा चट्टा असलेले. चट्ट्यातूनही पेशी सुटतात. आजवर त्यांचे कुणाला काही कळले नाही, कारण त्या निजून राहत. आता त्यांची तोंडे आपल्या यंत्रांना निरोगी दिसतात. मरण ज्या खुणेवरून ओळखायचे, ती खूणच आपण बरी करून ठेवली."

"मग आजच बंद करू. पुड्या परत बोलवू."

"आणि उंदीर?" शालिनीबाई म्हणाल्या. देवपुजारींना आठवायला क्षणभर लागला.

उंदरांवरचे प्रयोग त्यांचेच होते. संधानक मिळू लागले की पेशी स्वतःची बंधप्रथिने बनवणे सोडते. आयते मिळत असताना ती कष्ट का करील? संधानक थांबवलेल्या उंदरांची अस्तरे दोन आठवड्यांत उसवली होती, आणि प्रत्येक चट्ट्यातून, प्रत्येक गाठीतून पेशी मोकाट सुटल्या होत्या. अहवालात त्यावर एक ओळ होती. औषध आजन्म घ्यायचे असल्याने ही बाब गैरलागू आहे.

"हळूहळू कमी करत नेलं तर?"

"बंध हळूहळू सुटतील. वेग बदलेल, दिशा नाही."

"म्हणजे चालू ठेवलं तर सुटलेल्या वस्ती करणार. बंद केलं तर वस्तीतल्या सुटणार."

"आणि त्यातल्या त्यात चालू ठेवलेले बरे. जागच्या जागी वाढणारी गाठ सावकाश मारते." त्या कोऱ्या आवाजात बोलत होत्या, अहवाल सांगताना बोलत तशा. "नव्या कुणाला पुडी द्यायची नाही. पण ज्याने घेतली, त्याची थांबवायची नाही."

"समिती तुमचं पहिलं वाक्य वाचेल आणि पुड्या जाळेल."

"मग पहिले वाक्य 'बंद करू नका' हे राहील. हे औषध मारते, हे दुसरे."

"असा अहवाल आजवर कुणी लिहिला नसेल." देवपुजारी हसले, ते हसणे ऐकवत नव्हते. मग त्यांनी विचारले, "रोग्यांचे पत्ते आपल्याकडे आहेत. वाटेकऱ्यांचं काय? हात पुढे केला, चिमूट घेतली, गेले. त्यांच्यापर्यंत औषध पोचवणार कोण?"

"त्यांच्यापर्यंत पोचणारी एकच व्यवस्था आहे," शालिनीबाई म्हणाल्या, आणि वाक्य पुरे होण्याआधी त्यांना आठवले की त्या व्यवस्थेला आपण काल काय सांगून आलो. घरच्या सल्ल्याचे काय, तो मागे घेता येतो, असे त्यांनी स्वतःला समजावले. आधी अहवाल नीट व्हायला हवा होता. त्यांनी फोन केला नाही. प्रत्येक मणका पुन्हा तपासून, प्रत्येक वाक्य पुराव्यानिशी लिहून अहवाल पुरा व्हायला जवळजवळ दोन आठवडे गेले.

---

कळमन्याच्या मंडीत सकाळचा लिलाव चालू होता. संत्र्याच्या राशींमध्ये पेट्या रचून केलेल्या उंचवट्यावर पुरुषोत्तम उभा होता आणि भाव चढवीत होता. आवाज तोच, पण भोवतीची माणसे नेहमीसारखी खेटून उभी नव्हती. रास सुटली तसा तो एक हात कमरेवर ठेवून, जपून खाली उतरला.

"आली का? पाह्य, तुह्यापायी काय दशा झाली माही. मी घोटनं सोडलं त मंडीतली पन्नीच बंद झाली. गनपत बोलत नाही. हमाल तोंड फिरवतेत. पुडी खातो त पाठ करून खातो, बाईमानसासारखा." त्याने खिशातून पुडी काढून दाखवली, जणू पुरावाच. "आनं ते टेसनावरचं यंत्र बी बिघडलं. ब्याण्णवचे एकसष्ट दाखवून राह्यलं."

शालिनीबाई जागच्या जागी थांबल्या. "एकसष्ट? तू पुडी रोज खाल्ली ना?"

"रोज. एकट्यानं. तू सांगतलं तशी."

जिवंत रोग्याचा गट उघडायचा नसतो. त्यांनी तो कधी उघडला नव्हता, आणि आता उघडायची गरज उरली नव्हती. त्याची पुडी कोरी होती. पहिल्या दिवसापासून कोरी. त्याचा गाल ज्याने बरा झाला ते सगळे दुसऱ्यांच्या पुड्यांतून, पन्नीत घोटून आलेले होते, आणि ते शालिनीबाईंनी भीतीपोटी, पुराव्याआधी बंद केले होते.

"भाऊ, कंबर कुठं दुखते? एका बोटानं दाखव."

त्याने हात मागे नेऊन बोट टेकवले. हात फिरवला नाही, तळवा ठेवला नाही. एकच जागा, मणक्याच्या बरोबर वर. असे बोट त्यांनी पुष्कळ रोग्यांचे पाहिले होते.

"डॉक्टरीनबाई, माहं बी पाहा ना थोडं." मागून सोमाजी आला होता, मंडीतला सगळ्यांत म्हातारा हमाल, डोक्याला गमछा. "तोंड सोलून राह्यलं. पानी बी झोंबते. पयले पुरुभाऊच्या चिमटीनं बरं वाटे."

शालिनीबाईंनी त्याला उजेडाकडे वळवले. गालात जुना पांढरा चट्टा होता, वर्षानुवर्षे निरुपद्रवी पडून राहिलेला असावा, असा. आता त्याच्या कडा उचलल्या होत्या. त्यांनी रुमालाचे टोक अलगद टेकवले, तर अस्तर भिजल्या कागदासारखे रुमालाला लागून आले. त्यांनी रुमाल घडी करून मुठीत धरला. उंदरांत हे दोन आठवड्यांत झाले होते. माणसांत त्याहून लवकर होत होते.

"काय आहे वं, शालू?" पुरुषोत्तमने हळू आवाजात विचारले. असा आवाज त्याच्याकडे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. "खरं सांग."

"तुही पुडी कोरी होती, भाऊ. त्यात औषध नव्हतंच. तू इतके दिवस दुसऱ्यायच्या चिमटीवर राह्यला."

मग त्याचा चेहरा उजळला, आणि ते पाहणे शालिनीबाईंना सोसवले नाही. "मी त पयलेच म्हनत होतो! एकट्यानं खानं बरं नाही. मंग आता? घोटू सगळ्यायची?"

त्यांच्याजवळच्या पिशवीत अहवाल होता. त्यात कारणे होती, तक्ते होते, बायकांचे आकडे होते. पाठीच्या त्या एका जागेबद्दलचे सगळे होते. समिती पुढच्या आठवड्यात बसणार होती. इकडे आड तिकडे विहीर, असे लोक सहज म्हणतात. निदान त्यात कुठे उडी घ्यायची हे ठरवता येते.

"घोट," त्या म्हणाल्या. "सगळ्यायच्या एका पन्नीत. आनं जे आधीपासून घेतेत, त्याह्यलेच दे. नवा हात आला त नको देऊ."

"नवा कोन अन् जुना कोन, हातावर लिहिलं राह्यते का?" म्हणत त्याने आधीच पन्नी उघडली होती. "ए गनपत! ये बे, रुसवा सोड. आन तुही पुडी."

गणपत अडत्या आला, बाकीचे चाचणीवाले आले. पुड्या पन्नीत रिकाम्या झाल्या. पुरुषोत्तम पन्नी तळहातावर घेऊन अंगठ्याने घोटू लागला, आणि भोवती माणसे पुन्हा खेटून उभी राहिली. थट्टा सुरू झाली. हात पुढे येऊ लागले, हमालांचे, अडत्यांचे, ट्रकवाल्यांचे. घोटणाऱ्याने आपली चिमूट शेवटी घ्यायची असते. सगळे हात परतले, तेव्हा पन्नीच्या कोपऱ्यात एकच चिमूट उरली होती.

तेवढ्यात सोमाजीने गमछा सावरत, उशीर झाल्याचा ओशाळेपणा चेहऱ्यावर घेऊन हात पुढे केला.

चिमूट कोणाकडे गेली तर काय होईल आणि न गेली तर काय होईल, हे शालिनीबाई दोन्ही माणसांबद्दल अचूक सांगू शकल्या असत्या. उत्तरे वेगळी नव्हती.

पुरुषोत्तमने पन्नी सोमाजीच्या तळव्यावर झटकली, रिकामी करून बहिणीला दाखवली, आणि पेट्यांवर चढायला लागला.

"पाहून काय राह्यली?" वर उभा राहून, कमरेवर हात ठेवून तो हसला. "चिंगूस थोडी आहो मी!"

मग त्याने पुढच्या राशीचा पुकारा सुरू केला. तो शेवटच्या शेडपर्यंत गेला.